‘सुकती’चं बिऱ्हाड

ज्या वर्षी माझ्या धाकट्या दिराचं सत्तेचाळिसाव्या वर्षी एकदाचं लग्न झालं, त्याच वर्षी आमच्या ‘सुकती’नं बिऱ्हाड हलवलं. साल २०१८. लग्न वैशाखात, बिऱ्हाड मार्गशीर्षात. दिराची बायको एव्हाना घरात रुळली होती. त्या दिवशी दुपारची भांडी तिच्यावर सोपवून मी तीन वाजता मैथिलीच्या पडवीत जाऊन बसले.

आम्ही सात बायका होतो. मधे मैथिली पराडकर. तिच्यासमोर लॅपटॉप आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या चौकटीत केरळचा बिजू. त्याला आमचं बोलणं कळत नसे, पण तो हसायचा मात्र आमच्याबरोबरच.

“काकी, सगळ्या आल्या?” मैथिलीनं मला विचारलं.

“शेवंतीची सून गौरी नाय इली.”

“तिचा डोक्या दुखता,” शेवंती म्हणाली. “तिची ‘हो’ मियां सांगतंय. कर तुझा सुरू.”

सुकती म्हणजे ओहोटी. आमच्या खाडीच्या तोंडाशी पाण्यात कातळ आहेत, त्यांना आम्ही पाथर म्हणतो. पाणी सुकलं की ते उघडे पडतात आणि त्यांवर चिकटलेली कालवं आम्ही बायका फोडून काढतो. प्रत्येक पाथराची वेळ निराळी. एक आधी उघडतो, एक उशिरा. एकावरून परतायला तासभर मिळतो, दुसऱ्यावरून तेवढा मिळत नाही. मैथिली पुण्याची नोकरी सोडून गावी आली तेव्हा तिनं यासाठी एक प्रोग्राम लिहिला. पाथराचं नाव निवडलं की आज तो कधी उघडेल आणि किती वाजायच्या आत परतायचं, ते मोबाइल सांगतो. त्याचं नाव ‘सुकती’.

प्रोग्राम ओपन सोर्स होता. मैथिलीनं आम्हाला समजावलं होतं, सार्वजनिक विहिरीसारखं आहे, कोणीही यावं आणि पाणी न्यावं. बिजूनं तसा तो नेला होता आणि आपल्या गावच्या शिंपल्यांसाठी बसवला होता. जाताना दोन चुका दुरुस्तही करून गेला होता. हे सगळं लिखाण, आणि पहिल्या दिवसापासून कोणी, कधी, काय आणि का बदललं त्याच्या नोंदी, एका कंपनीच्या जागेत फुकट ठेवलेल्या असत. त्या कंपनीनं कळवलं की आम्ही एकवीस डिसेंबरला ही जागा बंद करतोय, आपापलं सामान हलवा. पत्र सहा महिन्यांपूर्वीचं होतं. आम्ही जमलो वीस डिसेंबरला.

नवी जागा मैथिलीनं शोधून ठेवली होती. जगभरची माणसं हौसेनं चालवत होती ती. अडचण जागेची नव्हतीच. अडचण शेवंतीची होती.

“नोंदींत ज्यांची नावं आहेत, त्या सगळ्यांनी हो म्हटलं तरच मी मागच्या नोंदी नेणार,” मैथिली म्हणाली. “नव्या जागी त्या जगात कोणालाही वाचता येतील. जुन्या जागी पण येत होत्या, पण तेव्हा मी तुम्हाला विचारलं नव्हतं. ते चुकलंच माझं. आता विचारते.”

आणि तिनं नोंदी वाचून दाखवल्या. सुरुवातीच्या सगळ्या तिच्या आईच्या होत्या. पराडकरबाईंनीच मला आणि गावातल्या आणखी बायकांना शाळेत दुपारी अक्षरं शिकवली. तेव्हा मी एकावन्न वर्षांची होते. पाथरांच्या नावांची पहिली यादी बाईंनी स्वतः टाइप केली होती, एकतीस नावं. बाई जाऊन दोन वर्षं झाली होती. ती यादी वाचताना मैथिली मधेच थांबली, पाणी प्यायली, मग पुढं वाचायला लागली.

त्यानंतरच्या नोंदी बहुतेक माझ्या होत्या. पाथरावर जाणाऱ्यांत नीट लिहिता येणारी मी एकटी, म्हणून वेळा भरायचं काम माझ्याकडे आलं होतं.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पाथर घराचा असतो. सासू तो सुनेला देते. कागद नाही, सही नाही, पण दुसरीच्या पाथरावर कोणी पाय ठेवत नाही. निदान बोलायची पद्धत तशी आहे. मालकीण गावात नसली म्हणजे काय चालतं ते पाथरालाच ठाऊक. त्यामुळे सुरुवातीला मैथिलीनं वेळा विचारल्या तेव्हा प्रत्येकीनं आपल्या पाथराची वेळ उशिराची सांगितली. दुसरी कोणी मोबाइल बघून येईपर्यंत आपलं काम उरकलेलं असावं, हा हेतू. ठरवून नव्हे हं. प्रत्येकीला वाटलं, असं फक्त आपणच करतोय.

दोन वर्षांनी मैथिलीच्या ध्यानात आलं. तिनं बांबू आणि पाण्याची नळी घेऊन सगळ्या पाथरांची उंची मोजली आणि प्रोग्रामात एक तपासणी घातली. सांगितलेली वेळ आणि उंचीवरून निघणारी वेळ यांत पंधरा मिनिटांहून जास्त फरक पडला की त्या पाथरापुढे लाल फुली. मग एकेकीची चोरी सापडत गेली, आणि वेळ दुरुस्त करून त्यापुढे कारण लिहायचं काम माझं होतं. मी ते चवीनं केलं. खोटं कशाला सांगू.

“‘शेवंती तांडेल हिने जोडपाथराची वेळ अर्धा तास चोरली होती. दुरुस्त केली. वत्सला कुबल,’” मैथिलीनं वाचलं.

बायका फिसकन हसल्या. शेवंतीला अक्षर येत नव्हतं. चार वर्षं ते वाक्य जगाला दिसत होतं आणि तिला त्या दिवशी कळलं.

“ह्या तू लिवलंस?” तिनं मला विचारलं.

“केलंस म्हणान लिवलंय.”

“मगे माझी ‘नाय’ आसा. जुना सगळा हयच ऱ्हवांदे. नव्या घरात केर कोण नेता गो? दिराचा लगीन झाला तेवा तू नव्या जावेच्या हातात जुनी केरसुणी दिलंस काय?”

“ह्यो केर नाय, शेवंते. ही वंशावळ आसा.”

“मगे वंशावळीत माझी चोरी कित्याक?”

“तुझ्या एकटीचीच नाय. मालूची आसा, सुंदरेची आसा.”

“माझी वीसच मिनटां होती,” मालू मागून म्हणाली.

“खरा तां खरा,” मी म्हणाले. “एक अक्षर मागे ठेवूचा नाय.”

“आयला, राजा हरिश्चंद्राची बहीण!” शेवंतीनं हात जोडले. “आमच्या गावात ऱ्हवता आणि आमका म्हायत नाय!”

सगळ्या हसल्या, मीही हसले. मैथिली हसली नाही.

“शेवंतीकाकी, तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मी तुमच्यावर जबरदस्ती करणार नाही. फक्त आजचा प्रोग्राम जाईल. मागचं सगळं उद्या त्या कंपनीबरोबर पुसलं जाईल. आईची यादी पण.”

बाईंचं नाव निघालं की शेवंती वाद घालत नसे. पण ‘हो’ही म्हणाली नाही.

“तोवर नुसतं आजचं नेऊन बघते, नव्या जागी चालतं का,” मैथिली म्हणाली. “तुम्ही विचार करा.”

तिनं बिजूला काही सांगितलं, बिजूनं अंगठा दाखवला. मग एक बटण दाबून ती मागे टेकली. नव्या जागी सामान पोचलं आणि तिथल्या यंत्रानं तपासणी सुरू केली. एकेका पाथराचं नाव येत होतं आणि त्यापुढे हिरवी खूण. जोडपाथर, हिरवी. मालूचा पाथर, हिरवी. नवरीच्या हातात चुडा भरावा तशा खुणा भरत होत्या. मी मोठ्यानं नावं वाचत होते. वाचता येतं याचा तोरा तेव्हाही गेला नव्हता.

अठ्ठावीस झाली. एकोणतीस झाली. तिसावं नाव मी वाचलं नाही.

“कुर्लीपाथर,” मैथिलीनं वाचलं. “फुली? असं कसं? तिकडे तर कधीच नव्हती.”

कुर्लीपाथर माझा.

मैथिली लॅपटॉपजवळ वाकली. “थांबा. तपासणीतून वगळायच्या नावांचा एक रकाना होता, जुन्या जागेच्या सेटिंगमध्ये. काम अर्धवट असलेल्या पाथरांसाठी. तो प्रोग्रामबरोबर येत नाही, तिकडच्या पानावरच राहतो. त्या रकान्यात...” ते पान उघडायची किल्ली दोघींकडेच होती. एक ती, एक मी.

“यंत्र नवा आसा,” मी म्हणाले. “चुकला असतला.”

“काय म्हणता तां?” शेवंतीनं विचारलं.

“कुर्लीपाथराची वेळ चाळीस मिनिटं उशिराची दाखवतोय प्रोग्राम, काकी.”

आता शेवंती पडवीत फुगडी घालणार, अशी माझी खात्री होती. हरिश्चंद्राची बहीण सापडली होती! पण ती हसली नाही. म्हणाली, “म्हणजे खरी येळ खंयची? आधीची काय मागची?”

“तुका कित्याक होयी?” मी म्हणाले.

“सांग ना. आधीची काय मागची?”

“मियां सांगलंय ना, यंत्र चुकला.”

“वच्छ्या,” ती म्हणाली आणि उठून उभी राहिली. तिनं पडवीचा खांब धरला होता. “आधीची काय मागची?”

पन्नास वर्षं आम्ही एकमेकींना ओळखत होतो. तीनदा तोच प्रश्न ती कधी विचारत नसे, एकदा विचारून शिवी देत असे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार वाजले होते. त्रयोदशी होती, म्हणजे पाणी परतायला लागलं होतं.

“शेवंते, गौरी खंय आसा?”

“तिचा डोक्या...”

“गौरी खंय आसा?”

शेवंतीच्या तोंडून शब्द सुटले ते सगळे एकदम. “तुझ्या पाथरार गेली हा! तू हय संध्याकाळपर्यंत बसतलस म्हणान मियांच धाडलंय. मोबाइलात बघून गेली. पाच पंचवीसपर्यंत पाथर उघडो आसा म्हणालो मोबाइल.”

मी उठून उभी राहिले.

“पावणेपाचाक बुडता तो,” मी म्हणाले. “मियां खोटा लिवलंय. आणि पाठचो चर तेच्या आधी भरता.”

सातही जणी आणि मैथिली, आठ बायका पायांत चपला न घालता माडांतून धावत सुटलो. बिजू लॅपटॉपमधून “व्हॉट हॅपन्ड, व्हॉट हॅपन्ड” विचारत राहिला. नंतर त्यानं सांगितलं की तासभर त्याला रिकामी पडवी दिसत होती आणि टेबलावर चढलेली एक कोंबडी.

धावताना मला एकच आठवत होतं, ते पान. तो रकाना. त्यात मी दोन बोटांनी ‘कुर्लीपाथर’ असं टाइप केलं होतं आणि स्वतःला सांगितलं होतं, माझ्या पाथरावर माझ्याशिवाय जातं कोण?

खाडीवर पोचलो तेव्हा गौरी पाथरावर उभी होती. डोक्यावर टोपली. ती आजऱ्याकडची, लग्न होईपर्यंत समुद्र पाहिलेला नाही, पोहता येत नाही. पाथर अजून वीतभर वर होता, पण पाथर आणि काठ यांच्यामधला चर भरला होता. तिनं एक पाय पाण्यात घातला, तो मांडीपर्यंत गेला, तिनं तो मागे घेतला.

“गौरीऽऽ!” शेवंतीनं हाक मारली आणि ती पाण्यात उतरायला निघाली. मालूनं तिला मागून धरलं. त्या चरात वाटेल तिथं पाय ठेवला तर डोक्यावर पाणी.

पण वाट होती. पाण्याखाली हातभर रुंदीचा कातळाचा एक कट्टा काठापासून पाथरापर्यंत जातो. माझ्या सासूनं मला तो दाखवला, तिला तिच्या सासूनं. काठावरच्या एकट्या तिवराच्या झाडाला पाठ लावायची, पलीकडच्या देवळाच्या कळसावर नजर ठेवायची आणि डावीउजवीकडे न बघता चालायचं. घराबाहेर कोणाला सांगायचं नाही.

मी काठावरून ओरडले, “तिवराकडे बघ! पाठीमागे कळस! सरळ ये!” सातजणींनी ते ऐकलं. जिनं ऐकायला हवं होतं तिला काही कळलं नाही. ती नुसती तिवर शोधत गोल फिरली.

मग मी लुगड्याचा काचा मारला आणि उतरले. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते. पाणी गार होतं. कळसावर नजर लावून मी पावलं टाकत गेले. मधल्या टप्प्याला पाणी छातीला लागलं. पाठीमागे बायका ग्रामदेवतेला नवस बोलत होत्या. सुंदरेनं कोंबडा बोलला, मालूनं दोन.

मी पाथरावर चढले.

“टोपली टाक,” मी म्हटलं.

“न्हाई मावशी. सासूबाई वरडतील.”

“सासूबाई काठावर रडता हा. बघ.”

तिनं पाहिलं. शेवंती खरंच रडत होती, मालूच्या मिठीत. गौरीच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा आश्चर्य जास्त दिसलं.

“तरीबी न्हाई,” ती म्हणाली. “दोन तास फोडलीत.”

वाद घालायला वेळ नव्हता. टोपली मी माझ्या डोक्यावर घेतली, तिचे दोन्ही हात माझ्या कमरेच्या काच्यात अडकवले आणि सांगितलं, “मी पाय उचलीन तेव्हा उचल. ठेवीन तेव्हा ठेव. खाली बघू नको.” परतताना समोर तिवर धरायचं आणि कळस पाठीला. सव्वीस पावलं. मी मोठ्यानं मोजत होते, माझ्यामागून तीही मोजायला लागली. सतराव्या पावलाला ती घसरली आणि मला घट्ट आवळून परत उभी राहिली. टोपलीतलं एक कालव माझ्या नाकावर आपटून पाण्यात गेलं.

काठाला पाय लागल्यावर शेवंतीनं आधी सुनेच्या पाठीत धपाटा घातला. मग तिला छातीशी धरलं. मग माझ्याकडे वळली.

“चोरटे!”

“तू चोरटी!”

“चाळीस मिनटां! माझी तर तीसच होती!”

“आणि ही कालवां कोणाची?”

आम्ही दोघी एकमेकींसमोर उभ्या राहून ओरडत होतो, मी गळ्यापर्यंत भिजलेली, ती डोळे पुसत, आणि केव्हा हसायला लागलो ते कळलं नाही. गौरी वाळूत बसून थरथरत होती आणि तीही हसत होती. तेवढ्यात मालू तिवराला पाठ लावून कळसाकडे बघताना दिसली.

“अगो बाय,” ती म्हणाली, “हयसून वाट आसा काय!”

झालं. तीन पिढ्यांनी राखलेली गोष्ट एका दुपारी गावाची झाली.

परत पडवीत आलो तेव्हा मैथिलीनं कोंबडी हाकलली, बिजूला थोडक्यात सांगितलं आणि मला टॉवेल आणून दिला. माझ्याशी ती बोलली नव्हती. मी खुर्चीवर प्लास्टिकची पिशवी घालून बसले. फुली पडद्यावर तशीच होती.

“काकी,” ती हळू आवाजात म्हणाली, “बाकीच्यांचं खोटं मला मोजून सापडलं. तुमची वेळ मी कधी पडताळलीच नाही. बघायचीच गरज वाटली नाही.”

तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

“तो रकाना नव्या जागी मी ठेवणार नाही.”

“ठेव नको,” मी म्हटलं.

बोटं गारठली होती, त्यामुळे वेळ लागला. चाळीस मिनिटं काढली. कारणाच्या जागी लिहिलं, ‘वत्सला कुबल हिने कुर्लीपाथराची वेळ चाळीस मिनिटं चोरली होती आणि तपासणीपासून लपवली होती. त्यामुळे गौरी तांडेल पाण्यात अडकली. दुरुस्त केली. वत्सला कुबल.’

“काय लिवलंस? वाच,” शेवंती म्हणाली.

मी वाचलं. तिनं डोळे मिटून ऐकलं.

“अर्धाच लिवलंस. सुनेक धाडली कोणी? माझा पण घाल.”

मी घातलं. ‘तिला शेवंती तांडेल हिने पाठवलं होतं.’ परत वाचून दाखवलं. शेवंतीचं समाधान झालं नाही. म्हणाली, “कालवां निम्मी निम्मी झाली, तां पण घाल.” ती तेव्हा अजून झाली नव्हती, पण मी घातलं.

खूण हिरवी झाली. एकतीसच्या एकतीस.

मैथिलीनं शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीनं पदरानं नाक पुसलं.

“माझ्याकडे काय बघतस? ने सगळा. हिचा पण जाता म्हणतकच माझा जांवदे. बाईंची यादी पयली घाल.”

“ती पहिलीच आहे, काकी.”

“मगे झाला तर.”

सहा वाजून दहा मिनिटांनी सगळ्या नोंदी नव्या जागी पोचल्या. बिजूनं तिकडून तपासून सांगितलं, एकही कमी नाही. मैथिलीनं पहिली नोंद उघडून पाहिली, आईचं नाव, एकतीस पाथर, आणि लॅपटॉप मिटला. मग गौरीनं टोपली पडवीत ओतली आणि आम्ही नऊजणींनी कालवं निवडली. दुसऱ्या दिवशी जुनी जागा कळवल्याप्रमाणे बंद झाली.

वेळा भरायचं काम मी सोडायला निघाले होते. शेवंतीनं सोडू दिलं नाही. म्हणाली, “सापडलेलो चोर बरो. नवो खंय हुडकूचो?” पुढच्या वर्षी गौरी माझ्याकडे टाइप करायला शिकली आणि आता निम्म्या नोंदी तिच्या आहेत. माझ्यापेक्षा कमी शब्दांत लिहिते.

शेवंती तांडेल २०२२ साली जानेवारीच्या सत्तावीस तारखेला, गुरुवारी सकाळी, आपल्या घरी वारली. तिचं वय अडुसष्ट होतं.